घरांसाठी शेत देताना: कॅलिफोर्नियातल्या ‘फार्मलँड मिटिगेशन’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात घर परवडेना, म्हणून अल्टामाँट खिंड ओलांडून ट्रेसी, माउंटन हाउस, लॅथ्रप, मँटेकाकडे येणाऱ्यांत मराठी घरंही बरीच आहेत. त्यातलंच एक आमचं. आमच्या कुंपणाच्या पलीकडे बदामाची बाग आहे, आणि आमचं घर जिथे उभं आहे तिथेही कधीतरी शेतच होतं. नवीन वसाहतीची सुनावणी लागली की ग्रुपवर तेच ते प्रश्न येतात, आणि माझं माहेर निफाडचं, द्राक्षवाल्यांचं, म्हणून ते माझ्याकडे वळवले जातात. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते.

‘फार्मलँड मिटिगेशन’ म्हणजे काय?

शेतजमिनीवर घरं बांधायला परवानगी देताना काउंटी (इथला जिल्हाच म्हणा) किंवा शहर बिल्डरला अट घालतं: तू जेवढी शेतजमीन संपवतो आहेस, तेवढी किंवा त्याहून जास्त शेतजमीन दुसरीकडे कायमची शेतीसाठी बांधून दे. ‘बांधून दे’ याचा अर्थ विकत घेऊन सरकारजमा करणं असा नाही. त्या जमिनीवर पुढे कधीच वसाहत होणार नाही असा कायदेशीर बोजा चढवायचा आणि त्याचा खर्च बिल्डरने उचलायचा. हा बोजा नोंदला गेल्याशिवाय प्लॉट पाडण्याचा अंतिम नकाशा किंवा बांधकामाचा परवाना मिळत नाही, असं साधारणपणे अटीत लिहिलेलं असतं.

म्हणजे गेलेल्या शेताच्या बदल्यात नवीन शेत तयार होतं का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

शंभर एकर बदाम उपटून घरं बांधली आणि दहा मैलांवरच्या शंभर एकरांवर बोजा चढवला. ते दुसरे शंभर एकर आधीही शेतच होते. पूर्वी दोनशे एकर शेत होतं, आता शंभर उरलं. फरक इतकाच की उरलेल्या शंभराला कुलूप लागलं. ‘एकास एक’ म्हटलं की गेलं तेवढं परत आलं असं कानाला वाटतं. प्रत्यक्षात निम्मं गेलेलं असतं.

कोर्टांनीही हा मुद्दा दोन्ही बाजूंनी तपासला आहे. मेंडोसिनो काउंटीत खडी-वाळूच्या खाणीखाली ४५ एकर उत्तम शेतजमीन जाणार होती. असा बोजा ‘भरपाई’ ठरत नाही, म्हणून त्याचा विचार करायची गरज नाही, असं काउंटीचं म्हणणं होतं. २०१३ मध्ये अपील कोर्टाने ते फेटाळलं: हाही उपाय आहे, तो व्यवहार्य आहे का ते तपासा. पुढे २०१८ च्या अखेरीस राज्याच्या पर्यावरण नियमावलीतही कायमचं संरक्षण हा भरपाईचा एक प्रकार म्हणून लिहिला गेला. पण २०२० मध्ये कर्न काउंटीच्या तेलविहिरींच्या खटल्यात दुसऱ्या एका अपील कोर्टाने उलट बाजूला बोट ठेवलं. बोजा चढवल्याने नवीन शेतजमीन निर्माण होत नाही, सबब एकास एक बोजामुळे नुकसान ‘नगण्य’ झालं असं प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात लिहिता येणार नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे. कुलूप लावा, जरूर लावा, पण त्याला भरपाई म्हणून हिशेब शून्यावर आणू नका. सुनावणीला येणाऱ्या अहवालात हा आकडा कसा मांडला आहे, ते मी सगळ्यात आधी बघते.

हा बोजा म्हणजे नक्की काय? शेतकऱ्याची जमीन जाते का?

जमीन त्याचीच राहते. तोच कसतो, तोच विकतो, त्याचीच मुलं वारसाने घेतात. इथे याला ‘कॉन्झर्वेशन ईझमेंट’ म्हणतात, १९७९ च्या कायद्याने त्याला कॅलिफोर्नियात स्वतंत्र जागा मिळाली. आपल्याकडच्या माणसाला समजावताना मी सांगते, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढलेला बोजा समजा, फक्त हा कर्ज फेडून उतरत नाही. मालक बदलला, मालकाचा नातू आला, तरी तो जमिनीबरोबर चालत राहतो. बोजा ज्या संस्थेच्या नावे असतो ती बहुतेक वेळा ‘लँड ट्रस्ट’, म्हणजे जमिनी राखणारी ना-नफा संस्था. हा शब्द आमच्याकडे सारखा ऐकू येतो.

शेतकऱ्याने जमिनीतून फक्त एक गोष्ट विकलेली असते, ती म्हणजे तिथे वसाहत बांधण्याचा हक्क. घर, गोठा, शेड, पंपघर यासाठी एक तुकडा बहुधा आधीच आखून दिलेला असतो. बाकी काय पिकवायचं हे त्याचं तो ठरवतो. सरकारने रस्त्यासाठी सक्तीने संपादन केलं तर मात्र बोजाही वाचवू शकत नाही.

शेतकरी हे का करेल?

पैशासाठी, आणि त्यात काही वाईट नाही. समजा, शहराजवळच्या जमिनीला मोकळ्या बाजारात एकरी ४०,००० डॉलर मिळतात आणि ‘इथे शेतीच’ असा बोजा असताना २५,०००. मधले १५,००० हे बोजाचं मोल. ते त्याला रोख मिळतात, जमीन हातात राहते. (आकडे समजावण्यापुरते आहेत, प्रत्येक जमिनीचं मूल्यांकन वेगळं होतं.) त्यात भावाचा हिस्सा देऊन टाकता येतो, बागेची नवी लावण करता येते. आमच्या निफाडकडे हिस्से पाडताना वावराचे तुकडे होतात. इथेही भावाभावांची तीच ओढाताण असते, फक्त आकडे डॉलरमध्ये.

एका एकराला किती एकर राखायचे? सगळीकडे सारखंच का?

नाही. राज्याचा एकच आकडा नाही, ज्याचं त्याचं शहर आणि काउंटी ठरवते.

डेव्हिस शहराने १९९५ मध्ये सुरुवात केली तेव्हा एकास एक होतं, नंतर त्यांनी एकास दोन केलं. डेव्हिस ज्या योलो काउंटीत आहे तिथे काउंटीचा नियम आणखी कडक आहे. उत्तम जमिनीसाठी तिप्पट, इतर शेतजमिनीसाठी दुप्पट, आणि काउंटीला हव्या त्या भागात राखली तर सवलत. स्टॅनिस्लॉस काउंटीत एकास एक, पण त्याच काउंटीतलं ह्यूसन हे छोटं गाव दुप्पट मागतं. स्टॅनिस्लॉसच्या काउंटी नियमात एक विचित्र गोष्ट आहे. तो निवासी प्रकल्पांपुरताच लिहिलेला आहे. गोदामाखाली गेलेली माती काय वेगळी असते?

प्रमाण वाढवलं की हिशेब कसा बदलतो तेही पाहा. एकास एकमध्ये दोनशे एकरांतले शंभर जातात. एकास तीनमध्ये शंभर गेले तर तीनशेला कुलूप लागतं, म्हणजे चारशेतले शंभर. शून्य तोटा कशातच नाही, पण किती उरेल ते हा आकडा ठरवतो.

जमीन ‘उत्तम’ आहे हे कोण ठरवतं?

राज्याचा शेतजमीन नकाशा विभाग. १९८२ पासून हे काम चालू आहे, नकाशे साधारण दर दोन वर्षांनी नवे होतात. ‘प्राइम’ ही सर्वांत वरची प्रत, त्याखाली राज्यदृष्ट्या महत्त्वाची, मग विशिष्ट पिकांची, मग स्थानिक महत्त्वाची, आणि चराऊ वेगळी. मातीची प्रतवारी जुनी आहे. बर्कलीच्या स्टोरी नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये शंभर गुणांची मोजपट्टी काढली, ती अजून वापरात आहे.

यात एक पळवाट आहे. प्राइम ठरण्यासाठी माती चांगली असून भागत नाही, नकाशाच्या तारखेआधीच्या चार वर्षांत कधीतरी ती जमीन बागायत असावी लागते. पाणी तोडून शेत पडीक ठेवलं, तर माती तीच राहूनही कागदावर प्रत उतरते. म्हणून अहवालात ‘प्राइम नाही’ असं दिसलं की मी मागच्या वर्षांचे नकाशे उघडते. ते सार्वजनिक आहेत, फुकट बघता येतात.

सगळ्यात चांगल्या जमिनीवरच गावं का वाढतात? डोंगराकडे का नाही?

कारण गावं शेतीसाठीच वसली. सॅन वाकीन खोऱ्यात, कसदार मातीवर, रेल्वेच्या रुळांशेजारी माल चढवायला. मोडेस्टो, टर्लॉक, ट्रेसी सगळ्यांची हीच कथा. आता गाव फुगतं ते चहूबाजूच्या त्याच मातीत.

बिल्डर पैसे भरून मोकळा होऊ शकतो का?

काही ठिकाणी हो, आणि खरी रस्सीखेच इथेच आहे. याला ‘इन-लू फी’ म्हणतात, जमिनीऐवजी शुल्क. स्टॅनिस्लॉसमध्ये प्रकल्प २० एकरांपेक्षा लहान असेल तर शुल्काची वाट थेट खुली आहे. त्याहून मोठ्याला आधी प्रत्यक्ष जमिनीवर बोजा मिळवावा लागतो, आणि खटपट करूनही जमलं नाही हे दाखवावं लागतं. शुल्काचा किमान दर असा: काउंटीतल्या पाच तुल्य जमीन-विक्रींची एकरी सरासरी काढायची, त्याच्या किमान ३५ टक्के.

शुल्काचा धोका सांगते. आज ठरलेला दर पाच वर्षं तसाच राहिला आणि जमिनीचे भाव चढले, तर शंभर एकरांच्या नावाने जमलेल्या पैशात साठच एकर बांधले जातात. एकास एक हे कागदावर, प्रत्यक्षात पाऊण सुद्धा नाही. म्हणून शुल्क ‘एकरी अमुक डॉलर’ असं गोठवलेलं आहे की भावाबरोबर वाढतं, हे विचारायलाच हवं. बोजाची वर्षानुवर्षं देखरेख करायचा खर्चही त्यात धरला आहे का, हेही विचारा.

याने घरं आणखी महाग होतात ना? आधीच आपल्याला परवडत नाहीत.

रास्त प्रश्न आहे. सुनावणीत बिल्डरचा वकील हाच मुद्दा तरुण जोडप्यांच्या नावाने मांडतो. गणित करून बघू. समजा जमिनीची सरासरी किंमत एकरी ३०,००० डॉलर. तिचे ३५ टक्के म्हणजे १०,५००. एका एकरात पाच घरं बसली तर घरामागे २,१०० डॉलर. प्रमाण दुप्पट केलं तरी ४,२००. आमच्याकडच्या मॉडेल होममध्ये स्वयंपाकघराचा ओटा ‘अपग्रेड’ करायला याहून जास्त मागतात.

आणि एकरात दोनच ऐसपैस घरं टाकली तर घरामागचा खर्च अडीच पट होतो. म्हणजे नियम नकळत दाट बांधणाऱ्याला बक्षीस देतो. मला तरी हे चांगलं वाटतं. शहराच्या आतल्या मोकळ्या जागांवर बांधलं तर हा खर्चच येत नाही. घरांची टंचाई खरी आहे, पण तिचं मूळ बदामाच्या बागेत नाही.

बिल्डर याविरुद्ध कोर्टात गेले नाहीत?

गेले. स्टॅनिस्लॉसने २००७ च्या डिसेंबरात नियम केला आणि मध्य कॅलिफोर्नियाच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने दावा लावला. खालच्या कोर्टात ते जिंकले. २०१० मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला आणि नियम टिकला.

त्यातला एक मुद्दा फार बारीक आहे. राज्याचा कायदा सांगतो की परवानगीच्या बदल्यात अर्जदाराकडून ईझमेंट जबरदस्तीने लिहून घेता येत नाही. संघटनेचं म्हणणं, हेच तर काउंटी करते आहे. कोर्ट म्हणालं, नाही. बिल्डरला स्वतःच्या जमिनीवर बोजा लिहून द्यायला कोणी सांगत नाही. राजीखुशीने विकणारा तिसरा शेतकरी शोध, त्याच्याकडून बोजा मिळव, एवढंच सांगितलं आहे. संरक्षण आणि होणारं नुकसान यांत वाजवी संबंध आहे हेही कोर्टाने मान्य केलं. आज खोऱ्यातल्या काउंट्या नियम लिहिताना या निकालाचा आधार घेतात.

विल्यमसन ॲक्टने शेतं आधीच सुरक्षित आहेत ना?

ती सुरक्षितता उसनवारीची आहे. १९६५ चा हा कायदा: शेतकरी दहा वर्षं शेतीच करीन असा करार करतो, मालमत्ता कर कमी लागतो, करार दरवर्षी आपोआप एक वर्ष पुढे सरकतो. नको झाला की ‘नूतनीकरण नको’ असं कळवायचं आणि दहा वर्षं वाट बघायची. घाई असेल तर रद्द करण्याची वाट आहे, त्यासाठी बाजारभावाच्या साडेबारा टक्के दंड. २००९ नंतर राज्याने काउंट्यांना करातली तूट भरून द्यायचे पैसे जवळजवळ थांबवले, तेव्हापासून काउंट्यांचाही उत्साह मावळला. कायमचा बोजा हा वेगळा प्राणी आहे.

जमीन राखली, पण पाण्याचं काय?

मोडेस्टो गावात शिरताना १९१२ ची एक कमान लागते. तिच्यावर चार शब्द आहेत: पाणी, संपत्ती, समाधान, आरोग्य. क्रम बघा.

२०१४ च्या भूजल कायद्याने खोऱ्यातला उपसा हळूहळू आवरायचा आहे, बहुतेक अतिउपशाच्या खोऱ्यांना २०४० पर्यंतची मुदत आहे. सॅन वाकीन खोऱ्यात त्यापायी किमान पाच लाख एकर बागायत बंद करावी लागेल असा अंदाज कॅलिफोर्नियाच्या पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये दिला. आता विचार करा. बिल्डरने जिथे बोजा स्वस्त पडतो तिथली जमीन निवडली. स्वस्त का पडतो? कालव्याचं पाणी नाही, विहीर खोल गेलेली. कालव्यावरचे शंभर एकर घरांखाली गेले आणि बदल्यात कोरडवाहू होऊ घातलेल्या शंभर एकरांना कुलूप लागलं. एकर जुळले, शेती मेली.

म्हणून चांगल्या नियमात तीन अटी एकदम असतात: मातीची प्रत तितकीच किंवा वरची, पाण्याचा हक्क तितकाच भरवशाचा, आणि तो हक्क जमिनीपासून वेगळा विकता येणार नाही असं दस्तातच लिहिलेलं. तिसरी अट गाळलेली असेल तर पहिल्या दोन काही वर्षांत पोकळ होतात. एकास दोन की एकास तीन यावर लोक तावातावाने बोलतात, पाण्याबद्दल सभागृह गप्प असतं. माझ्या मते निम्म्या प्रमाणात पण कालव्यावरची जमीन मिळाली तर ती घ्यावी.

राखलेली जमीन गावाजवळ असावी की लांब?

डेव्हिस कडेला राखायला सांगतं, म्हणजे गावाभोवती हिरवं कुंपणच पडतं. लांब राखली तर स्वस्तात जास्त एकर येतात, पण तिथे तसाही शहराचा धोका नसतो. ज्या घराला चोर येणार नाही त्याला कुलूप लावून काय मिळतं? उलट गावाच्या कडेला लागून राखलेली जमीन पुढच्या वसाहतीची वाट अडवते. म्हणून बिल्डर लांबचं सुचवतात.

ससाण्याचा याच्याशी काय संबंध? दर अहवालात तो येतो.

स्वेन्सन हॉक. उन्हाळ्यात इथे घरटं करतो, थंडीत पार अर्जेंटिनापर्यंत उडून जातो. त्याला लसूणघासाची शेतं लागतात, कापणीनंतर उंदीर उघडे पडतात म्हणून. त्याच्या अधिवासाचीही वेगळी भरपाई असते. मग बिल्डर विचारतो, एकाच जमिनीवर दोन्ही बोजे चढवले तर? काही ठिकाणी चालतं. पण ससाण्यासाठी बांधलेल्या शेतात बाग किंवा द्राक्षमळा लावता येत नाही, कारण वरून उंदीर दिसले पाहिजेत. घासाला भाव नाही म्हणून बदाम लावू बघणारा शेतकरी तिथे अडकतो. लोडीचा एक द्राक्षवाला मला म्हणाला, पाखराने माझं पीक ठरवलं.

बोजा पाळला जातो हे कोण बघतं?

लँड ट्रस्ट वर्षातून एकदा येते. गेल्या वसंतात एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे मी मुद्दाम त्या दिवशी गेले. ट्रस्टची मुलगी फाइल घेऊन आली. त्यात बोजा चढला तेव्हाचा मूळ अहवाल, नकाशा आणि क्रमांक घातलेले फोटो. ती प्रत्येक फोटोच्या जागी जाऊन उभी राहायची, जुना फोटो हातात धरायची आणि त्याच कोनातून नवा काढायची. सातव्या जागी थांबली. पंपघराशेजारी पत्र्याची नवी शेड. शेतकरी म्हणाला, ट्रॅक्टरसाठी आहे. तिने टेप काढून मोजलं, आखून दिलेल्या तुकड्याच्या आत चार फूट. ‘ठीक,’ म्हणाली आणि खूण केली. दोन तास लागले. सगळी ‘कायमची’ भानगड शेवटी या दोन तासांवर उभी आहे, आणि त्या मुलीचा पगार कोण देतं या प्रश्नावर. बिल्डरकडून देखरेखीचा निधी एकरकमी घेतला नसेल तर काही वर्षांनी कोणी येईनासं होतं.

घर घेताना ‘राइट टू फार्म’ नावाच्या कागदावर सही घेतली. ते काय होतं?

तुमच्या घरापासून मैलभरात शेतजमीन असेल तर विक्रेत्याने तसं लेखी सांगायचं असतं. १९८१ च्या कायद्यानुसार तीन वर्षांहून जास्त चाललेली रीतसर शेती केवळ शेजारी घरं आली म्हणून ‘उपद्रव’ ठरत नाही. घरखरेदीच्या कागदांच्या गठ्ठ्यात तो कागद असतोच, कोणी वाचत नाही. मग ऑगस्ट येतो. बदाम झोडणारं यंत्र बुंधा धरून झाड गदागदा हलवतं, मग झाडून गोळा करणारं यंत्र येतं, आणि आमच्या अंगणातल्या तुळशीवर पीठ पेरल्यासारखी धूळ बसते. पहिल्या वर्षी मीही तक्रार करायला फोन उचलला होता.

डेव्हिसमध्ये यासाठी नवी वसाहत आणि शेत यांच्यामध्ये किमान दीडशे फुटांचा पट्टा सोडावा लागतो, त्यातल्या पन्नासात झाडं आणि सायकलची वाट. हा पट्टा बिल्डरच्या बाजूला निघाला पाहिजे, शेतकऱ्याच्या नव्हे.

एवढं करून गावाची वाढ थांबते का?

नाही, त्यासाठी हा नियम नाहीच. वाढ रोखायची साधनं वेगळी: शहराची हद्द वाढवू द्यायची की नाही हे ठरवणारा ‘लॅफको’ आयोग, आणि मतपेटी. स्टॅनिस्लॉसच्या मतदारांनी २००८ मध्ये ठरवलं की शहरांबाहेरची, काउंटीच्या अखत्यारीतली शेतजमीन निवासी करायची तर आधी मतदान. डेव्हिसमध्ये २००० पासून असाच नियम आहे आणि २००५ मध्ये तिथे एक मोठी नियोजित वसाहत लोकांनी मत देऊन नाकारली. मिटिगेशनचा खरा धोका उलटा आहे. ‘भरपाई केली आहे ना’ म्हणून मंजुरी देणाऱ्याचं मन हलकं होतं.

दुसरीकडे कुठे अशी पद्धत आहे?

व्हरमाँट राज्यात १९७० पासूनच्या कायद्याखाली चांगली माती गमावण्याचं शुल्क घेतात. ते ज्या मंडळाकडे जातं ते परवडणारी घरंही बांधतं आणि शेतंही राखतं. एकाच टेबलावर दोन्ही प्रश्न, हे मला आवडतं. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीने १९८० मध्ये सुमारे ९३,००० एकरांत पंचवीस एकरांना एकच घर असा नियम केला आणि शेतकऱ्यांना पाच एकरांमागे बांधकामाचा एक हक्क शहरातल्या बिल्डरला विकायची मुभा दिली. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे लगेच कळेल: हा टीडीआरच (बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला देणं), फक्त रस्त्याच्या जागेऐवजी शेताचा.

चीनने १९९८ मध्ये जेवढी शेतजमीन घ्याल तेवढी नवीन कसायला आणा असा कायदा केला. तिथे खरोखर नवीन शेतं काढतात. पण शहराजवळची कसदार जमीन जाते आणि बदल्यात डोंगरउतार फोडून पातळ मातीचे तुकडे येतात. एकर जुळवण्याचा आजार जगभर सारखाच.

आपल्या महाराष्ट्रात असं काही आहे का?

आईबाबांना हे समजावताना हा प्रश्न हमखास येतो. वनजमीन वळवली तर पर्यायी वनीकरण करावं लागतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेतजमीन एनए, म्हणजे बिगरशेती, करताना मात्र तसं काही नाही. विकास आराखड्यात निवासी पट्टा आला की ठरलेले पैसे भरायचे, झालं. पैसे तिजोरीत जातात, दुसऱ्या कुठल्या शेतावर त्याची खूण उमटत नाही.

एक कलम मात्र आहे आणि ते फारसं कोणी काढत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं दहावं कलम. बहुपिकी बागायत जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यायची, आणि घेतलीच तर तेवढी लागवडयोग्य पडीक जमीन शेतीखाली आणायची, नाहीतर तिच्या किमतीएवढी रक्कम शेतीत गुंतवण्यासाठी सरकारकडे भरायची. रेल्वे, महामार्ग, कालवे असे सरळ रेषेतले प्रकल्प यातून वगळले आहेत. आणि हे सगळं सरकार जमीन संपादन करतं तेव्हा. बिल्डरने शेतकऱ्याकडून खरेदीखत करून प्लॉट पाडले तर कलम लागूच होत नाही. नाशिकच्या रस्त्याला लागून द्राक्षबागांच्या जागी जे प्लॉटिंगचे फलक दिसतात ते सगळे या दुसऱ्या वाटेने आलेले.

सुनावणीला बोलायचं आहे. काय विचारू?

तुम्हाला बहुधा तीन मिनिटं मिळतील, कधी दोनच. भाषण नको. नोंदणीची चिठ्ठी आधी भरा, आणि हे विचारा: राखायची जमीन नेमकी कोणती, तिचा पार्सल क्रमांक (आपल्याकडचा गट नंबर) सांगा. पाणी कुठलं, कालव्याचं की विहिरीचं, आणि ते दस्तात बांधलं आहे का. शुल्क घेणार असाल तर दर शेवटचा कधी बदलला. देखरेखीचा निधी किती. आणि बोजा कधी नोंदणार, माती उकरण्याआधी की घरं विकून झाल्यावर?

मागच्या खेपेला मी शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा व्यासपीठावर कागद चाळले गेले, मग कुणीतरी म्हणालं की तपासून सांगतो. पुढच्या बैठकीत अटींच्या मसुद्यात एक ओळ वाढली होती: ‘ग्रेडिंग परवान्यापूर्वी’, म्हणजे माती उकरण्याआधी.

मराठीत बोललं तर चालतं का?

आधी कळवलं तर दुभाषा देण्याचा प्रयत्न करतात. आमच्या शेजारच्या काकू मराठीतच बोलल्या, त्यांच्या सुनेने इंग्रजी केलं. दोघींना मिळून सहा मिनिटं मिळाली.